हर्णैच्या वाळूवर पहिला हक्क कोणाचा? लिलाव, पाहुणे आणि किनाऱ्याचा नकाशा

ईदनंतरची सुट्टी असो की डिसेंबरची, मुंब्रा, पनवेल, पुणे, सोलापूरकडून दापोलीला निघालेल्या कुटुंबांचा बेत साधारण ठरलेला असतो. केळशीला याकूबबाबांचा दर्गा, दाभोळला शाही मशीद, मुरूड-कर्द्याला समुद्र आणि एका संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव. या बंदराला फाटक नाही. रस्ता संपला, वाळूवर पाय ठेवला की माणूस थेट बंदराच्या मधोमध उभा असतो. हर्णैची गंमत यातच आहे आणि हर्णैची अडचणही यातच आहे.

ही अडचण आता वाढणार. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात हर्णैसमोर समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग आहे. किल्ल्यावर जाणारी होडी याच वाळूवरून सुटते. म्हणजे लिलाव बघणारे, किल्ला बघणारे आणि मासळी उतरवणारे, तिघांना उभं राहायला जागा एकच.

आमच्या वाचकांपैकी बरेच जण या वाळूवर कुठल्या ना कुठल्या नात्यानं असतात. कोणी पाहुणा म्हणून जातो. कोणाचं घर दापोली-मंडणगडच्या मोहल्ल्यात आहे, आखाताच्या कमाईतून वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढून होमस्टे चालवतो. कोणाची होडी आहे, कोणाचा टेम्पो, कोणाच्या घरातली बाई सुकी मासळी विकते. म्हणून बंदरात कोणी कुठे उभं राहायचं, हे ठरतं कसं आणि ठरवतं कोण, ते नीट समजून घेऊ.

लिलाव हा खेळ नव्हे

हर्णैला मोठ्या होड्या किनाऱ्याला लागत नाहीत. त्या खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात. मासळी छोट्या होड्यांत उतरवून उथळ पाण्यापर्यंत आणतात, तिथून बैलगाडीनं नाही तर डोक्यावर टोपली घेऊन वाळूवर. पाण्यात शिरलेली बैलगाडी हे हर्णैचं चित्र सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे, पण ती फोटोसाठी पाण्यात शिरत नाही. धक्का नाही म्हणून शिरते. इथे जेट्टी व्हावी ही मागणी फार जुनी आहे आणि आता ते काम हाती घेतलं गेलं आहे.

वाळूवर ढीग लागले की बोली सुरू होते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि संध्याकाळची मोठी. बोलणारा भराभर आकडा चढवतो, व्यापारी मान हलवतो नाही तर बोट वर करतो, ढीग सुटला की बर्फ आणि पाट्या घेऊन माणसं धावतात. बाहेरून आलेल्याला हा गोंगाट वाटतो. खरं तर ही घाई असते, आणि तिला कारण आहे. पकडलेला मासा बर्फाविना उन्हात राहिला की दर घसरतो, एवढंच नाही. बांगडा, सुरमई, कुपा या जातींत हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार होऊ लागतं, ते शिजवूनही जात नाही आणि खाणाऱ्याला अंगावर लाली, डोकेदुखी, उलट्यांचा त्रास देतं. व्यापाऱ्याला तोच माल रात्रीत मुंबई-पुण्याच्या बाजारात पोचवायचा असतो. त्यामुळे होडी ते बर्फ हे अंतर जेवढं कमी वेळात कापलं जाईल तेवढं बरं.

आता या वाटेवर सुट्टीच्या दिवशी काय होतं ते बघा. ढिगाभोवती पहिलं कडं व्यापाऱ्यांचं असायला हवं, ते मोबाईल धरलेल्यांचं होतं. टोपली घेऊन येणाऱ्या बाईला वाट मागावी लागते. कोणीतरी गाडी वाळूवर उतरवतो, ती रुतते, ती काढायला चार जण लागतात आणि मागे बर्फाचा टेम्पो उभा राहतो. लहान मुलं नांगराच्या दोरावर अडखळतात. बैलगाडी माघारी वळते तेव्हा तिच्यामागे कोण उभं आहे ते गाडीवानाला दिसत नाही. आजवर मोठा अपघात होत नसेल, तर त्याचं श्रेय व्यवस्थेला नाही, तिथल्या माणसांच्या सवयीला आहे.

तरीही पाहुण्यांना बंदच करा, असं आमचं म्हणणं नाही. लिलाव उठल्यावर बाजूला किरकोळ विकायला बसणाऱ्या बायकांची संध्याकाळ या पाहुण्यांवर चालते. बंद केल्यानं त्यांचं नुकसान आधी होईल, बाकीच्यांचं मागाहून.

कोणाच्या हातात काय?

हर्णैसारख्या बंदरात "साहेब" एक नसतो, हा पहिला घोळ. मासळी उतरवण्याचं केंद्र, होड्यांचे मासेमारी परवाने, बंदीचा काळ हे मत्स्यव्यवसाय विभागाकडे. प्रवासी होड्या, त्यांची तपासणी, जेट्ट्या हे महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे. भरती-ओहोटीच्या मधली वाळू सरकारी, तिथे महसूल खात्याचा शब्द. कचरा, दिवाबत्ती, पार्किंगची पावती ग्रामपंचायतीकडे. सुवर्णदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक, त्यामुळे त्याच्या भोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले हल्लेखोर समुद्रातून आले तेव्हापासून मासळी उतरवण्याच्या ठिकाणांवर पोलिसांची आणि सुरक्षारक्षकांची नजर आली, खलाशांना ओळखपत्रं आली.

एवढे सगळे असूनही पर्यटकानं कुठे उभं राहायचं, हे सांगणं यातल्या कोणाचंच रोजचं काम नाही. म्हणून ते कोणी सांगत नाही.

खरा निकाल नकाशावर लागतो

आता ज्या गोष्टीकडे गावात सहसा लक्ष जात नाही तिकडे वळू. किनाऱ्यावर काय करता येईल आणि काय नाही, हे ठरवणारा नियम म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना, बोलीभाषेत सीआरझेड. पहिली १९९१ ची, मग २०११ ची, आता चालू आहे ती २०१९ ची. या नियमानुसार प्रत्येक किनारी जिल्ह्याचा आराखडा म्हणजे नकाशे तयार होतात. भरतीरेषा कुठे, गावठाण कुठे, कांदळवन कुठे, ना-विकास क्षेत्र कुठपर्यंत, हे त्यावर रेघा मारून दाखवलेलं असतं. ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र भरतीरेषेपासून २०० मीटर. जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकवस्ती चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट, तिथे ५० मीटर.

२०१९ च्या नियमात आपल्या कामाच्या दोन तरतुदी आहेत आणि त्या एकाच वाळूवर समोरासमोर येतात.

एक तरतूद पर्यटनाची. राज्याच्या आराखड्यात पर्यटन योजना असेल तर ना-विकास क्षेत्रात आणि वाळूवरही तात्पुरत्या सोयी उभ्या करता येतात: खोपटी, स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या, पिण्याचं पाणी, बसायची जागा, फरशांची पायवाट. भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडायचे, एवढी अट. दुसरी तरतूद मच्छीमारांची. मासळी वाळवायच्या जागा, लिलावगृह, जाळी दुरुस्तीची जागा, होडी बांधणी, बर्फाचा कारखाना, हे ना-विकास क्षेत्रातही चालतं. शिवाय मच्छीमार गावं, त्यांच्या सामाईक जागा, जेट्ट्या, बर्फ कारखाने, मासळी वाळवायचे ओटे हे सगळं गावपातळीच्या मोठ्या नकाशावर दाखवलंच पाहिजे, असंही त्या अधिसूचनेत लिहिलेलं आहे.

कागदावर दोघांनाही जागा आहे. फरक पडतो तो नकाशावर आधी कोण उमटलं याचा. पर्यटन योजनेमागे सल्लागार असतो, आराखडा असतो, निधीचा मार्ग असतो. मासळी वाळवणाऱ्या बाईच्या मागे काय असतं? ती ज्या वाळूवर बोंबील आणि जवळा घालते, त्या जागेचा सातबारा तिच्या नावावर नसतो, तिच्या सासूच्याही नव्हता. जागा सरकारी, वापर पिढ्यांचा. वापराची नोंद नकाशावर नसेल तर परगावाहून आलेल्या अधिकाऱ्याला ती "मोकळी जागा" दिसते. आणि मोकळ्या जागेवर पार्किंग फार छान बसतं.

नकाशाचं प्रमाणही समजून घ्या. हा मोठा नकाशा साधारण १:४००० प्रमाणाचा असतो, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ४० मीटर. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद वाळवणाची जागा तिथे एक सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद चौकोन होते. नखाएवढी. तो चौकोन काढला गेला की राहिला, हे कोणीतरी भिंग लावून बघितल्याशिवाय कळणार नाही. त्यातून १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या, वाळवण नाही, लिलाव नाही. त्या दोन महिन्यांत मोजणीला आलेल्या माणसाला खरंच रिकामी वाळू दिसते. त्याला खोटं तरी कसं म्हणायचं?

मिरकरवाड्याकडे बघून

ही नुसती भीती नाही. जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मत्स्यव्यवसाय विभागानं पोलीस बंदोबस्तात बांधकामं हटवली, ती आमच्या वाचकांना आठवत असेल. विभागाच्या लेखी ती अनधिकृत होती आणि बंदर विकासाच्या आड येत होती. त्या कारवाईच्या राजकारणात आम्ही इथे जात नाही, त्यावर पुष्कळ बोलून झालं आहे. बंदराच्या दृष्टीनं त्यातून एकच गोष्ट घेण्यासारखी आहे: जाळी आणि सामान ठेवायला जागा लागते, हे कोणी नाकारत नाही, पण ती जागा कागदावर कुठे आहे असं विचारलं की गप्प बसावं लागतं. बंदर सुधारायला निघालं की असा कागद नसलेला माणूस पहिला हलतो. हर्णैला जेट्टी येते आहे. तिच्यासोबत लिलावाची जागा बदलेल, गाड्यांचा रस्ता बदलेल, कदाचित फाटकही येईल. तेव्हा हा प्रश्न आजच विचारायला हवा.

जेट्टीचं आम्ही स्वागतच करतो. कमरेएवढ्या पाण्यातून टोपल्या आणणाऱ्या माणसाला "पारंपरिक दृश्य जपा" असं सांगणं फोटो काढणाऱ्याला सोपं आहे.

दोरी कुठे बांधायची

पाहुण्यांना सांभाळण्याचा धडा शोधायला लांब जायला नको. हर्णैच्या शेजारी आंजर्ल्याला आणि पुढे वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन २००२ पासून उभं केलं. तिथे पाहुणे शेकड्यांनी येतात. पण पिल्लं सोडायची वेळ ठरलेली, सकाळी आणि संध्याकाळी. वाळूवर दोरी बांधलेली, दोरीच्या अलीकडे पाहुणे, पलीकडे पिल्लं आणि कार्यकर्ते. राहायला गावातल्याच घरांत. पाहुण्याला दोरीमागून सगळं दिसतं, आणि तो रागावत नाही, कारण दोरी कशासाठी आहे ते त्याला आधी सांगितलेलं असतं.

लिलावालाही एवढंच हवं आहे. ढिगांच्या एका बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहता येईल अशी पाहुण्यांची जागा. होडी ते बर्फ ही वाट पूर्ण मोकळी. गाड्या रस्त्यावर, वाळूवर नाही. नवीन लिलावगृह बांधताना वरच्या बाजूला सज्जा काढला तर प्रश्नच मिटतो. जपानमध्ये टोकियोच्या त्सुकिजी बाजारात ट्यूनाचा लिलाव बघायला एवढी गर्दी व्हायची की काही काळ पाहुण्यांना बंदी घालावी लागली, नंतर दिवसाला १२० जणांचीच मर्यादा आली. २०१८ मध्ये बाजार तोयोसूला हलला तेव्हा बघणाऱ्यांसाठी वेगळी गॅलरी बांधूनच ठेवली. आपल्याकडे एवढ्या कडक शिस्तीची गरज नाही. पण आराखड्यात सज्ज्याची रेघ आज मारली तर खर्च थोडा, इमारत उभी राहिल्यावर मारायची म्हटली तर पुन्हा टेंडर.

किल्ल्याच्या होडीबद्दल

हे थोडक्यात, पण कुटुंब घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं. मासेमारीसाठी नोंदलेली होडी ही प्रवासी होडी नव्हे. दोन्हींचे परवाने वेगळे, तपासणी वेगळी. काही बरंवाईट झालं तर विम्याचा पहिला प्रश्न तोच येतो. सुवर्णदुर्गाला धड धक्का नाही, उथळ पाण्यात उतरावं लागतं, भरती-ओहोटीप्रमाणे उतरायची जागा बदलते. म्हाताऱ्या माणसांना नेताना आधी विचारा. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या "नीलकमल" बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, माणसं गेली, आणि त्यानंतर तिथे लाईफ जॅकेटची सक्ती झाली. हर्णैला लाटा कमी आहेत म्हणून जॅकेट नको, असं कोणी म्हणालं तर त्या होडीत बसू नका. मुलांच्या मापाची जॅकेट आहेत का, हेही चढण्याआधी बघा. मोठ्यांचं जॅकेट चार वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून निघून जातं. पावसाळ्यात तर कोणी कितीही पैसे मागून "नेतो" म्हणाला तरी जाऊ नये.

गावातल्यांनी आता काय करायचं

जे हर्णै, पाजपंढरी, आडे, बुरोंडी, दाभोळ भागातले आहेत त्यांच्यासाठी.

किनारा आराखड्याचे नकाशे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतात, जिल्हाधिकारी कार्यालयातही बघायला मागता येतात. आपल्या गावाचा पत्रा काढा. मोबाईलच्या पडद्यावर नका बघू, मोठ्या कागदावर छापून आणा. मग गावातल्या वयस्क माणसांना, आणि विशेषतः वाळवण घालणाऱ्या बायकांना, सोबत घेऊन वाळूवर चाला. पुरुषांना होड्यांच्या जागा माहीत असतात. वाळवण कुठून कुठपर्यंत, उधाणाला ते कुठे सरकवतात, हे बायकांनाच ठाऊक. जे नकाशावर नाही ते लाल पेनानं लिहा. हंगाम चालू असताना तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवा, ऑक्टोबरपासून मेपर्यंत दर महिन्याला एक तरी.

हे घेऊन ग्रामसभेत ठराव करा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा होतातच. १ मेची सोयीची, कारण होड्या अजून पाण्यात असतात आणि बंदीला महिना असतो. ठरावाची प्रत मत्स्यव्यवसाय विभागाला, तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सीआरझेडची जिल्हास्तरीय समिती असते, तिच्यात किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असले पाहिजेत असा नियम आहे. आपल्या जिल्ह्यात ते तीन जण कोण, हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. नावं कळली की त्यांना गावात बोलवा आणि लाल पेनानं खुणा केलेला नकाशा त्यांच्यासमोर उलगडा. कोळी, भोई, खारवी, मुस्लिम, सगळ्यांच्या सह्या एकाच अर्जावर असू द्या. वेगवेगळे अर्ज गेले की ते वेगवेगळ्या फायलींत जाऊन बसतात.

होमस्टे चालवणाऱ्यांना एक दिलासा: २०१९ च्या नियमात स्थानिकांना, मच्छीमारांसकट, असलेल्या घरात पाहुणे ठेवायला मुभा आहे. घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. म्हणजे आहे त्या खोल्या चालतात, समुद्राकडे नवीन गच्ची काढायला निघालात तर पुन्हा परवानगीच्या फेऱ्यात. आणि तुमच्याकडे उतरलेला पाहुणा संध्याकाळी लिलावाला निघाला की त्याला तीन गोष्टी तुम्हीच सांगा: गाडी वाळूवर नेऊ नको, बोली चालू असताना ढिगापासून दोन पावलं मागे थांब, आणि टोपलीवाली येताना दिसली की वाट दे.